'इस्टेट प्लॅनिंग'ला मराठीत काय म्हणावे?

मुक्ता: एका पतसंस्थेच्या सभासदांसाठी 'इस्टेट प्लॅनिंग'ची, म्हणजे आपल्यामागे आपलं सगळं कुणाला आणि कसं जावं हे आधीच ठरवून ठेवण्याची, पुस्तिका मराठीत करते आहे. तीन भाग आहेत: नुकतंच लग्न झालेले, लहान मुलं असलेले आणि साठी ओलांडलेले. अडलंय शीर्षकापाशीच. 'मालमत्ता नियोजन' म्हटलं की लोकांना फ्लॅट घेण्याचा सल्ला वाटतो. 'वारसा नियोजन' म्हटलं की गडकिल्ले आठवतात. 'संपत्ती नियोजन' म्हणजे म्युच्युअल फंड. 'मिळकत' म्हणावं तर दस्तात तिचा अर्थ घर-जमीन आणि बोलण्यात कमाई. सुचवा.

बांधकरी: 'मिळकत'च ठेवा. पुण्यात मिळकतकर घरावरच भरतात ना? शब्द रुळलेला आहे.

मुक्ता: पुण्यात रुळलाय. माझे निम्मे वाचक सोलापूरकडचे आहेत, तिथे 'मिळकत किती?' म्हणजे महिन्याला किती मिळतात.

जुनी लिपी: आपल्याकडे नेमका शब्द आहे, 'निरवानिरव'. निरवणे म्हणजे सोपवणे, हवाली करणे. आजोबांनी ऑपरेशनच्या आदल्या रात्री कुणाचं किती देणं, कुठल्या ट्रंकेत कुठला कागद, हे सगळं वडिलांना सांगितलं होतं. इतका अर्थ एका शब्दात मावतो आणि आपण नियोजन-नियोजन करत बसतो, याचं वाईट वाटतं.

सई: काका, शब्द सुरेख आहे, पण आमच्या घरी 'निरवानिरवीची भाषा करू नकोस' असंच कानावर पडलंय. पंचविशीतल्या जोडप्याच्या हातात ही पुस्तिका कशी द्यायची?

बांधकरी: तोच तर घोळ आहे. मृत्युपत्र म्हाताऱ्यांनी करायचं असं आपण धरून चाललोय. हिंदू वारसा कायद्यात मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः कमावलेलं आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिचे आईवडील त्यांच्यानंतर. नोकरी करणाऱ्या प्रत्येक मुलीला हे लग्नाच्या वर्षीच कळायला हवं.

सई: मग 'मृत्युपत्र' हा शब्दच बदला. सासूबाई सही करायला बसेनात. 'इच्छापत्र' म्हटल्यावर बसल्या.

दस्तलेखक: कळकळीने सांगतो, असं करू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये लिव्हिंग विलला मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. उपचार कुठवर करायचे याच्या त्या कागदालाही लोक 'इच्छापत्र' किंवा 'वैद्यकीय इच्छापत्र' म्हणू लागलेत. एक कागद माणूस जिवंत असताना लागू होतो, दुसरा तो गेल्यावर. उद्या आयसीयूच्या दारात मुलगा फ्लॅटचा कागद घेऊन उभा राहील.

शुद्धमती: 'उत्तराधिकार नियोजन' म्हणा. मराठीला संस्कृतचा आधार असताना अरबी 'वारस' कशाला?

बांधकरी: 'वारस' काढलात तर 'वारस नोंद' कुठे करायची? तलाठ्याकडे जाऊन 'उत्तराधिकाऱ्याची नोंद' म्हणून बघा.

शुद्धमती: तलाठ्याच्या सोयीने भाषा घडत नाही.

दस्तलेखक: शब्द अरबी की संस्कृत यापेक्षा तो चुकीच्या जागी छापला जातो, हे जास्त वाईट. कित्येक अर्जांत नॉमिनीच्या रकान्यावर 'वारसदाराचे नाव' असतं. नॉमिनी म्हणजे रक्कम ताब्यात घेणारा, मालक नव्हे. विम्याबाबत 1983 मध्ये आणि शेअरबाबत 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. (विम्याच्या कायद्यात 2015 पासून जवळच्या नातलगांसाठी तरतूद बदलली, ते वेगळं.) रकाना वाचून भाऊ समजतो सगळं आपलं, आणि वहिनीला कोर्टाची पायरी चढावी लागते. मुक्ताताई, शीर्षक काहीही ठेवा, हा रकाना आधी दुरुस्त करा.

मुक्ता: पतसंस्थेच्या अर्जातही 'वारसदार'च आहे. कळवते. दुसऱ्या भागात 'मायनर'ला 'अज्ञान' लिहिलं होतं, संपादकांनी अपमानकारक म्हणून खोडलं.

बांधकरी: सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या 'अ.पा.क.' आहे, अज्ञान पालनकर्ता. माझ्या नावापुढे आईचं नाव तसंच लागलं होतं. अठरा पूर्ण झाल्यावर ते काढायला वेगळा अर्ज करावा लागतो, तेवढं जरूर लिहा. कित्येकांचं तसंच राहिलंय.

सई: आणि 'हक्कसोडपत्र'? सोडायचा की नाही हे बहिणीला विचारतं कोण? महाराष्ट्रात मुलींना 1994 पासून, देशभर 2005 पासून वडिलोपार्जितात मुलाइतका हिस्सा आहे. तरी माहेरहून फोन येतो तो 'सहीला ये' एवढाच.

जुनी लिपी: माझ्या बहिणींनी राजीखुशीने सोडला.

सई: काका, त्यांना हिस्सा किती होता ते आकड्यात सांगितलं होतं का?

मांडवीकाठ: गोव्यात हा प्रश्न बराच वेगळा आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर निम्मं जोडीदाराचंच. उरलेल्या आपल्या वाट्यातलंही मुलं असतील तर निम्मंच मृत्युपत्राने देता येतं. मुलीला पूर्ण वगळायची सोय सहसा नाही. तेव्हा पुस्तिकेत गोव्याचे सभासद असतील तर त्यांच्यासाठी वेगळं पान करा.

दस्तलेखक: सईताई, 'तोंडी सोडला' याला जमिनीच्या बाबतीत अर्थ नाही. हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं. मृत्युपत्र मात्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करूनही चालतं. या दोन कागदांची लोक सर्रास गल्लत करतात.

शुद्धमती: 'हक्कत्यागपत्र' म्हटलं तर निदान कळेल की त्याग कोण करतंय.

सई: हे मात्र पटलं.