घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाचा बुद्ध्यांक मराठीतून काढावा का?

रानजाई
मी धारणी तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं घरी कोरकू बोलतात. मराठीशी त्यांची गाठ पडते ती थोडीफार अंगणवाडीत आणि खरी पहिलीत. यंदा दुसरीतल्या एका मुलाला 'शिकत नाही' म्हणून तपासणीला पाठवलं. मराठीतून चाचणी झाली आणि कागदावर बुद्ध्यांकाचा आकडा आला ६४ (सरासरी १०० धरतात, आणि बौद्धिक अक्षमतेची मर्यादा साधारण ७०). हाच मुलगा मधल्या सुट्टीत चार जणांना खेळाचे नियम समजावून सांगतो, भांडण झालं तर दोन्ही बाजूंचं ऐकून निवाडा करतो. पण आता तो आकडा त्याच्या फाइलला लागला आहे, आणि पुढच्या वर्षीचे शिक्षक मुलाला भेटायच्या आधी फाइल उघडतील.

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीच्या कुठल्याही बोलीला ती जवळची नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी जड जाते, तेवढ्यापुरती ही अडचण नाही. कॅलिफोर्नियात १९७० साली 'डायना' नावाचा खटला गाजला होता. मेक्सिकन वंशाच्या नऊ मुलांना इंग्रजीतून चाचणी घेऊन मतिमंद मुलांच्या वर्गात घातलं होतं. त्यांची स्पॅनिशमधून फेरचाचणी झाली तेव्हा गुण सरासरी १५ ने वाढले आणि बहुतेक मुलं त्या वर्गाच्या मर्यादेच्या वर निघाली. त्यानंतर मुलाच्या घरच्या भाषेतून चाचणी घ्यायचं तिथल्या राज्याने कबूल केलं. त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली.

माझं म्हणणं असं: चाचणी मुलाच्या घरच्या भाषेतून झाली नसेल, तर बुद्ध्यांकाचा आकडा कागदावर लिहूच नये. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

सह्यकडा
मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी चिकित्सा मानसशास्त्रात काम करतो, अशा चाचण्या रोज घेतो.

ताई, तुमच्या या एका मुलाबद्दल तुमचा अंदाज बरोबर असू शकेल. पण 'आकडा लिहूच नये' याचा परिणाम काय होईल? मुलाबद्दलचा निर्णय काही थांबत नाही. तो कोणाच्या तरी मतावर होतो. अल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी १९०५ मध्ये पॅरिसला पहिली चाचणी केली ती याच काळजीतून. एकाच मुलाबद्दल वेगवेगळे डॉक्टर वेगवेगळी निदानं लिहीत होते. शिक्षकाला नकोसं झालेलं मूल 'मंद' ठरायचा धोका होता. सगळ्या मुलांना तेच प्रश्न, त्याच पद्धतीने विचारायचे, हा त्यावरचा उपाय होता.

आपल्याकडे तर मत बनायला मुलाचे कपडे, आडनाव आणि वस्ती एवढं पुरतं. चाचणीने 'ढ' ठरवलेल्या मुलांची संख्या तुम्हाला दिसते. शाळेने 'ढ' म्हटलेलं आणि चाचणीत उत्तम निघालेलं मूल मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. अशी मुलं मी पाहिली आहेत.

दुसरं, ज्याला खरोखर बौद्धिक अक्षमता आहे त्याला दिव्यांग प्रमाणपत्र लागतं. त्यावर पुढच्या सवलती आणि मदत अवलंबून असते. आकडा लिहायचा नाही असं ठरलं तर कोरकू मुलांना मदतही मिळणार नाही. हा अन्याय नाही का?

आणि भारतीय भाषांचा विचार कोणी केलाच नाही असंही नाही. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. नागपूरला मालिन यांनी वेक्सलरच्या, म्हणजे जगभर वापरल्या जाणाऱ्या बुद्ध्यांक चाचणीला भारतीय रूप दिलं.

नदीकिनारा
भाषेचा एवढा प्रश्न असेल तर भाषा वगळूनच टाका ना! रेव्हनची आकृत्यांची चाचणी १९३८ पासून आहे. रिकाम्या चौकोनात कुठला तुकडा बसेल तेवढं बोट ठेवून दाखवायचं. कोरकू काय आणि कन्नड काय.

तापीकाठ
@नदीकिनारा, हे वाटतं तितकं सरळ नाही. आकृत्यांच्या चाचणीला संस्कृतीचा वारा लागत नाही असं मानायचे. मग जेम्स फ्लिन या संशोधकांनी देशोदेशीचे जुने आकडे एकत्र मांडले. हॉलंडमध्ये लष्करात भरती होणाऱ्या तरुणांची रेव्हन पद्धतीची चाचणी व्हायची. १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत तिथले गुण सुमारे २० ने वाढले. एका पिढीत मेंदू बदलत नाही. शाळा, छापील चित्रं, आकृत्या, पाठ्यपुस्तकं यांचा सराव मात्र वाढतो. म्हणजे जी चाचणी संस्कृतीमुक्त म्हणून वापरायची, तिच्यातच भोवतालच्या बदलाचा परिणाम सगळ्यात जास्त दिसला. ज्या घरात कागदावर छापलेली आकृतीच नाही, तिथल्या मुलाला चौकोन-त्रिकोणांचा तक्ता ही सुद्धा एक परकी भाषाच आहे.

@सह्यकडा, कामतांचं काम मोठं आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण त्यांची प्रमाणकं, म्हणजे कुठल्या वयाला किती गुण सरासरी धरायचे ते आकडे, त्या काळातल्या मुलांवर बेतलेली. जुन्या प्रमाणकांवर आजची मुलं मोजली की गुण फुगतात. त्यामुळे चूक दोन्ही बाजूंना होते. शहरातलं, मराठी घरातलं, खरंच मदतीची गरज असलेलं मूल मर्यादेच्या वर जातं आणि त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. कोरकू मूल भाषेपायी खाली येतं. चुका एकमेकींना कापत नाहीत, वेगवेगळ्या मुलांच्या वाट्याला येतात.

दुर्वा
थोडं वेगळं, पण याच विषयाला धरून. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा असताना शाळेच्या तपासणीत इंग्रजी शब्दसंग्रह कमी आला आणि 'घरी मराठी बंद करा' असा सल्ला मिळाला. आम्ही बंद केली नाही. नंतर वाचलं की हा सल्ला फार जुन्या समजुतीतून आलेला आहे. वेल्समध्ये १९२३ च्या एका अभ्यासात दोन भाषा बोलणारी मुलं मागे दिसली आणि दोन भाषांनी डोकं गोंधळतं हे पुढे अनेक वर्षं धरून चालले. १९६२ मध्ये माँट्रियलला पील आणि लँबर्ट या संशोधकांनी दहा वर्षांची मुलं घेतली, दोन्ही भाषा नीट येणारी निवडली, घरची परिस्थिती सारखी ठेवली. तेव्हा दोन भाषांची मुलं पुढे निघाली. दोन भाषांतल्या मुलाचे शब्द दोन पेट्यांत वाटलेले असतात. एकच पेटी उघडून मोजलं तर कमी भरणारच.

सह्यकडा
@दुर्वा, तो सल्ला चुकीचाच होता, त्यावर वाद नाही. पील आणि लँबर्ट यांनी मुलं निवडून घेतली, या कारणावरून त्यांच्यावर टीकाही झाली आहे, हेही नोंदवतो.

@तापीकाठ, जुन्या प्रमाणकांचा मुद्दा मान्य. त्यावर उपाय नवी प्रमाणकं हा आहे, चाचणी सोडून देणं हा नाही.

पण भाषा म्हणजे चाचणीत शिरलेली भेसळ, असा जो सूर इथे लागला आहे तो मला चुकीचा वाटतो. वेक्सलरच्या चाचणीत शब्दार्थ सांगायचा भाग असतो, आणि एकूण बुद्ध्यांकाशी सर्वांत घट्ट जुळणाऱ्या भागांत तो येतो. कारण बहुतेक शब्द मुलांना कोणी शिकवत नाही. कानावर पडलेल्या वाक्यातून मूल स्वतः अर्थ काढतं. जो संदर्भातून पटकन अर्थ काढतो त्याचा शब्दसंग्रह वाढतो. भाषा शिकणं हेच बुद्धीचं फार मोठं काम आहे. ते वगळलं तर मोजायला उरतं काय?

रानजाई
सर, हा मुद्दा तर माझ्याच बाजूने जातो. संदर्भातून अर्थ काढायला आधी ते वाक्य कानावर पडावं लागतं. दोघांच्या कानावर सारखीच मराठी पडत असेल तर त्यांची तुलना करा. एकाच्या कानावर जन्मापासून आणि दुसऱ्याच्या कानावर दीड वर्षापासून, आणि म्हणायचं की याची बुद्धी कमी?

शिवाय 'या दोन गोष्टींत साम्य काय' असे प्रश्न असतात. लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यांत निरक्षर शेतकऱ्यांना हातोडा, करवत, ओंडका आणि कुऱ्हाड दाखवून यातलं वेगळं कोणतं असं विचारलं. शेतकरी म्हणत, सगळं एकत्रच हवं, ओंडका नसेल तर करवत काय कापणार? शाळेत थोडंफार गेलेले लोक मात्र ओंडका बाजूला काढून बाकीची 'हत्यारं' म्हणून एका गटात टाकत. शेतकऱ्याच्या उत्तरात अक्कल कमी होती असं मी म्हणू शकत नाही. शाळा ज्या तऱ्हेने वर्ग पाडते ती तऱ्हा त्याला कोणी दाखवली नव्हती, एवढंच.

जुनी वही
शिष्यवृत्ती परीक्षेतला 'बुद्धिमत्ता चाचणी'चा भाग आठवा. आरशातली प्रतिमा, अक्षरमाला, वेन आकृत्या. आमच्या शाळेत सकाळी सातला जादा तास असायचे. जूनमध्ये ज्यांना पन्नासपैकी वीस यायचे त्यांना फेब्रुवारीत चाळीस यायचे. तासांना येणाऱ्यांना. ज्यांना सकाळी म्हशी सोडायच्या असत त्यांना जूनइतकेच यायचे.

सह्यकडा
@जुनी वही, ती स्पर्धा परीक्षा आहे आणि तिला सरावाचे संच बाजारात मिळतात. एकेका मुलाला समोर बसवून घेतलेली चाचणी वेगळी. दोन्हींना एकच नाव पडल्याने घोटाळा होतो.

@रानजाई, लुरियांबद्दल सहमत. पण मग उपाय काय, कोरकू दुभाषी बसवायचा? प्रश्नांचं भाषांतर केलं की त्यांची काठिण्यपातळी बदलते, प्रमाणकं लागू राहत नाहीत. आकडे मागोमाग म्हणायचा साधा भाग घ्या. वेल्श आकडे उच्चारायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो, एवढ्यावरून वेल्शमध्ये मुलांना कमी आकडे लक्षात राहतात असं १९८० च्या अभ्यासात दिसलं. कोरकूत काय होतं हे मोजल्याशिवाय गुण कसे द्यायचे?

रानजाई
मोजलेलं नाही, म्हणून तर आकडा लिहू नका म्हणते.

आणि दुभाषी बसवून सगळं सुटेल असं मलाही वाटत नाही. विल्यम लाबोव या भाषाशास्त्रज्ञांचं न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतलं काम आहे. आठ वर्षांचा लिऑन. मुलाखत घेणारा त्याच वस्तीत वाढलेला, त्याचीच बोली बोलणारा, तरी पोरगं 'नाही', 'माहीत नाही' याच्या पुढे जाईना. पुढच्या वेळी त्याने वेफर्स आणले, लिऑनच्या जिवलग मित्राला बरोबर बोलावलं, स्वतः जमिनीवर बसला. मग दोघं पोरं एकमेकांना बोलू देईनात. आमचा मुलगा टेबलापलीकडच्या अनोळखी साहेबांसमोर एकटा बसला होता. त्याचं गप्प राहणं गुणपत्रिकेत शून्य म्हणून धरलं गेलं.

तापीकाठ
मधला एक रस्ता आहे. रूव्हेन फॉयरस्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी तो इस्रायलमध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुलांसाठी वापरला होता. आधी प्रश्न द्यायचे, मग तसले प्रश्न कसे सोडवतात ते शिकवायचं, मग पुन्हा द्यायचे. मूल आत्ता कुठे आहे यापेक्षा शिकवल्यावर किती सरकतं ते बघायचं. तुमच्या मुलासाठी हेच जास्त उपयोगाचं.

सह्यकडा
ही पद्धत मला आवडते आणि वेळ मिळाला तर मी वापरतोही. पण एका मुलाला दोन-तीन बैठका लागतात. सरकारी रुग्णालयात तपासणीच्या दिवशी बाहेर रांग लागलेली असते, लांबच्या पाड्यावरून एसटीने आलेले आईबाप असतात. त्यांना 'पुढच्या आठवड्यात परत या' म्हटलं तर अनेक जण परत येत नाहीत.

तुमच्यासाठी एवढं सांगतो. फेरतपासणी मागा, तो तुमचा हक्क आहे. बुद्ध्यांक एकटा पुरेसा नसतो. कपडे घालणं, पैसे हाताळणं, एकट्याने दुकानात जाणं ही रोजची कौशल्यंही बघावी लागतात. त्यासाठी आईशी तिच्या भाषेत बोलायला कोणीतरी हवं. चाचणी कुठल्या भाषेत झाली आणि मूल ती भाषा किती वर्षं ऐकतंय, हे अहवालात पहिल्या परिच्छेदात लिहायला सांगा. हे मी कुठल्याही अहवालात सक्तीचं करायला तयार आहे. आकडाच लिहू नये, हे मात्र अजूनही मान्य नाही.

आणि एक प्रश्न तुम्हाला. समजा कोरकूतून, ओळखीच्या माणसासमोर, दोन बैठकांत तपासणी झाली आणि तरीही तो मर्यादेच्या खालीच आला. तेव्हा मान्य कराल?

रानजाई
हो, करीन. प्रमाणपत्रासाठी मीच त्याच्या आईबरोबर जाईन. गावातल्या अंगणवाडी सेविका घरी कोरकूच बोलतात आणि मुलगा त्यांना लहानपणापासून ओळखतो. त्या बरोबर यायला तयार आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतरची तारीख मागते आहे. अहवालात भाषेचा परिच्छेद कसा लिहायचा याचा नमुना तुमच्याकडे असेल तर इथेच टाका. आमच्या केंद्रातल्या बाकीच्या शाळांनाही पाठवते.