मदत हवी आहे: निकलास लिडस्ट्रॉमवरच्या लेखासाठी डिफेन्समनचं काम नीट समजून घ्यायचंय

नोव्हीकर

नमस्कार मंडळी,

डेट्रॉइटजवळच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आइस हॉकीतल्या रेड विंग्ज संघाच्या स्वीडिश डिफेन्समन (बचावपटू) निकलास लिडस्ट्रॉमवर लेख लिहितेय. वाचक बहुतेक क्रिकेट-कबड्डीवर वाढलेले. त्यांची मुलं इथे रिंकवर जातात, पण डिफेन्समन नेमकं काय करतो हे फारसं कुणाला माहीत नाही. कारकिर्दीचे ढोबळ तपशील जमवलेत: १९९१ ते २०१२, सगळी वर्षं एकाच संघाकडून, १५६४ सामने, २६४ गोल, ८७८ असिस्ट (गोलाआधीचे पास), चार स्टॅन्ली कप (लीगचं विजेतेपद), सात नॉरिस ट्रॉफी (सर्वोत्तम डिफेन्समनची).

अडलंय ते इथे:

१. तो ना मारामारी करायचा, ना जोरदार धडका द्यायचा. मग सर्वोत्तम डिफेन्समनची ट्रॉफी सात वेळा कशावरून?
२. अधिक ४५० हा प्लस-मायनस नेमका कसा मोजतात?
३. "स्टॅन्ली कप जिंकणारा पहिला युरोपियन कप्तान" असं लिहिलंय. बरोबर आहे का?
४. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) तो थेट ५३ वा. इतका मागे का?
५. कबड्डीतल्या कोपरारक्षकाशी तुलना केली तर चालेल का?
६. जुने सामने बघायचे झाले तर कुठले, आणि बघताना नजर कुठे ठेवायची?

लेख अजून कच्चाच आहे, तेव्हा चुका बिनधास्त दाखवा.

---

ब्लूलाइन

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हाच तुमच्या लेखाचा कणा असायला हवा, म्हणून सविस्तर लिहितो.

समोरचा फॉरवर्ड (हल्ला करणारा खेळाडू) पक (रबरी चकती) घेऊन वेगात येतोय आणि डिफेन्समन उलटा स्केटिंग करत मागे सरकतोय. या वेळी त्याने तीन गोष्टी सांभाळायच्या असतात.

पहिली म्हणजे दोघांमधलं अंतर, ज्याला गॅप म्हणतात. रिंकच्या मध्यावर साधारण दोन स्टिकांइतकं आणि आपल्या ब्लू लाइनपाशी (आपला बचावाचा भाग जिथे सुरू होतो त्या निळ्या रेषेपाशी) पोहोचेपर्यंत एका स्टिकेवर आलेलं, असं ते असावं. ते जास्त राहिलं तर फॉरवर्ड फुकटात आत शिरतो आणि डिफेन्समनच्याच आडून शॉट मारतो, म्हणजे गोलीला (गोलरक्षकाला) पक दिसतच नाही. फार कमी झालं तर तो एका दमात बाहेरून निसटतो, कारण उलट्या स्केटिंगचा वेग सरळ स्केटिंगपेक्षा नेहमीच कमी पडतो.

दुसरी म्हणजे कोन. डिफेन्समन फॉरवर्डच्या अगदी समोर न राहता किंचित रिंकच्या मध्याकडे राहतो. मग बाहेरची बाजू मोकळी दिसते, फॉरवर्ड तिकडे वळतो आणि बोर्डला (रिंकभोवतीच्या भिंतीला) जाऊन चिकटतो. तिथून गोलकडे कोनच उरत नाही.

तिसरी म्हणजे स्टिक. नियमाप्रमाणे टाचेपासून टोकापर्यंत ती जास्तीत जास्त ६३ इंच असू शकते. नवखा डिफेन्समन ती आधीच पूर्ण पुढे ताणून धरतो, त्यामुळे पोच किती आहे हे समोरच्याला कळून जातं. कोपर वाकवून स्टिक अंगाजवळ ठेवली आणि फॉरवर्डने पक शरीरापासून लांब नेला त्याच क्षणी पुढे सारली, तर पक सुटतो. घाईने झेपावलं की वजन पुढच्या पायावर जातं आणि सगळं फसतं. नजर फॉरवर्डच्या छातीवर हवी, पकवर ठेवली की हुलकावणी बसलीच.

लिडस्ट्रॉमच्या खेळात या तिन्ही गोष्टी कमालीच्या नेमक्या होत्या, म्हणून त्याला धडक द्यायची गरजच पडत नसे. उत्तम दाखला १९९७ च्या अंतिम फेरीचा. फिलाडेल्फियाचा एरिक लिंड्रोस ६ फूट ४ इंचांचा, अंगावर आला तर कुणालाही उडवून लावेल असा. त्याच्या फळीसमोर डेट्रॉइट आपला आडदांड गडी व्लादिमीर कॉन्स्टँटिनॉव्ह उतरवणार असंच सगळे धरून चालले होते. प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांनी लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फी ही शांत जोडी पाठवली. ताकदीशी ताकद लावायचीच नाही, लिंड्रोसला वेग पकडण्याआधीच बाजूला वळवायचं आणि पक मिळाला की पहिल्याच पासने बाहेर काढायचा. डेट्रॉइटने मालिका ४-० जिंकली. लिंड्रोसला एकच गोल मिळाला, तोही चौथ्या सामन्याची शेवटची काही सेकंद उरलेली असताना.

---

आकडेमोड

प्लस-मायनसबद्दल. दोन्ही संघांचे सारखे खेळाडू बर्फावर असताना, किंवा आपले कमी असतानाही, आपण गोल केला तर त्या वेळी बर्फावर असलेल्या आपल्या प्रत्येक स्केटरला (गोली सोडून) अधिक एक. तसाच गोल खाल्ला तर उणे एक. पॉवरप्लेवर, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, केलेला गोल यात धरत नाहीत. गोली काढून घेतल्यावर रिकाम्या जाळीत गेलेला गोल मात्र धरतात, म्हणून हा आकडा थोडा फसवाही आहे.

लिडस्ट्रॉमच्या २० हंगामांत एकच उणे निघाला, २०१०-११ चा, उणे २. आणि त्याच वर्षी ६२ गुण (गोल अधिक असिस्ट) करून, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्याने सातवी नॉरिस घेतली! त्याच हंगामात, डिसेंबर २०१० मध्ये, कारकिर्दीतली पहिली हॅटट्रिकही (एका सामन्यात तीन गोल) केली. लेखात अधिक ४५० द्या, पण शेजारी हेही द्या, म्हणजे वाचक एकाच आकड्यावर विसंबणार नाही.

माझ्या मते त्याचा सगळ्यात बोलका आकडा शिक्षेच्या (नियम मोडल्यावर बाहेर बसण्याच्या) मिनिटांचा आहे. १५६४ सामन्यांत फक्त ५१४ मिनिटं. सगळ्या शिक्षा दोन-दोन मिनिटांच्या धरल्या तर सहा सामन्यांत जेमतेम एक. आता हे बघा: संघात डिफेन्समन सहा, जोड्या तीन, सामना ६० मिनिटांचा. सारखी वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला २० मिनिटं येतात. हा ऐन भरात असताना २८ मिनिटांच्या आसपास खेळायचा, तेही समोरच्या संघाच्या सगळ्यात चांगल्या फळीविरुद्ध. इतका वेळ, इतक्या तगड्या खेळाडूंसमोर, आणि तरी स्टिक अडकवणं नाही की हाताने धरणं नाही.

वर्षांचा हिशेब जपून करा. १९९१ ते २०१२ म्हणजे २१ हंगाम होतात, पण २००४-०५ चा हंगाम संघमालकांनी खेळाडूंवर लादलेल्या टाळेबंदीमुळे झालाच नाही, म्हणून २०. १९९४-९५ चा हंगाम त्याच कारणाने ४८ सामन्यांचा होता. हे दोन सोडले तर तो कुठल्याच हंगामात ७० पेक्षा कमी सामने खेळला नाही, आणि त्या वीसही वर्षांत रेड विंग्ज एकदाही प्लेऑफला मुकले नाहीत.

---

नोव्हीकर

दोघांचेही मनापासून आभार. ब्लूलाइन, कबड्डीचं काय ते सांगा ना. आणि २००५ साली नियम बदलले असं वाचलं, त्याचा त्याच्यावर काही परिणाम झाला का?

---

ब्लूलाइन

कबड्डीची तुलना अर्धीच लागू पडते. चढाईपटूला कडेला रेटत न्यायचं, इथवर ठीक. पण कबड्डीत पकड हाच शेवट असतो, आणि इथे पकड म्हणजे होल्डिंग, दोन मिनिटं बाहेर. इथला शेवट म्हणजे पक आपल्याकडे येणं. हा फरक लिहिणार असाल तर तुलना जरूर ठेवा, वाचकाला चटकन कळेल.

नियमांचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि बहुतेक लेखांत तो गाळला जातो. २००५ पूर्वी मध्यरेषेजवळ स्टिक अडकवून, धरून, वाट अडवून फॉरवर्डचा वेग मारणं सर्रास चालायचं. संथ डिफेन्समन त्यावरच तगून होते. टाळेबंदीनंतर पंचांनी या सगळ्याला सरसकट शिक्षा द्यायला सुरुवात केली. दोन रेषा ओलांडणारा लांब पास वैध झाला, म्हणजे पाठीमागून एकदम फॉरवर्ड सुटण्याची धास्ती. गोलीला कोपऱ्यात जाऊन पक खेळायला बंदी आली, म्हणजे तिथला पक आणायला डिफेन्समननेच जायचं, तेही पाठीवर फॉरवर्ड घेऊन. आयसिंग करणाऱ्या (मध्यरेषेमागून पक थेट समोरच्या गोलरेषेपार मारणाऱ्या) संघाला खेळाडू बदलता येईनासे झाले, म्हणजे दमलेली जोडी पुढच्या फेसऑफलाही (पक टाकून खेळ पुन्हा सुरू होतो तेव्हाही) तिथेच अडकलेली.

यात अनेकांची कारकीर्द आटोपली. लिडस्ट्रॉम तेव्हा ३५ वर्षांचा होता. बदलानंतरच्या पहिल्याच हंगामात त्याने कारकिर्दीतले सर्वाधिक ८० गुण केले आणि २००६, २००७, २००८ अशा ओळीने तीन नॉरिस जिंकल्या. जे करायला बंदी आली होती ते तो आधीपासूनच फारसं करत नव्हता.

कोपऱ्यातून पक कसा काढायचा यावर दोन वाक्यं जरूर लिहा. पकपाशी पोहोचण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्यायचं: कोण येतोय, कुठल्या बाजूने, आपला जोडीदार कुठे आहे. हे न करता पक उचलला की माणूस बोर्डला तोंड करून अडकतो आणि घाबरून पक बोर्डाच्या कडेने भिरकावतो. तो हमखास आपल्या ब्लू लाइनवर उभ्या असलेल्या समोरच्या संघाच्या खेळाडूला मिळतो. लिडस्ट्रॉमचा निर्णय पक मिळण्याआधीच झालेला असे. त्याचे पास कंटाळवाणे वाटतील इतके साधे असण्याचं कारण तेच.

---

तिसरी जोडी

उरलेल्या प्रश्नांकडे वळतो.

कप्तानाबद्दलचं वाक्य बदला, आहे तसं ते चुकीचं आहे. १९३४ साली शिकागोचा कप्तान चार्ली गार्डिनर हा गोली होता आणि त्याचा जन्म एडिंबराचा. १९३८ चा शिकागोचाच कप्तान जॉनी गॉटसेलिग ओडेसात जन्मलेला. दोघेही लहानपणीच कॅनडात आले आणि हॉकी तिथेच शिकले. लिडस्ट्रॉम युरोपात जन्मून युरोपातच घडलेला. २००६ मध्ये स्टीव्ह आयझरमननंतर तो कप्तान झाला आणि २००८ चा कप त्याच्या कप्तानपदाखाली आला. प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी २००२ मध्ये मिळवणारा पहिला युरोपियन तोच. तिथे मात्र "पहिला" हा शब्द निर्धास्त वापरा.

ड्राफ्टचं म्हणाल तर ५३ वा म्हणजे तिसरी फेरी. त्या काळी संघ युरोपियन खेळाडूंवर वरच्या फेऱ्या खर्च करायला कचरत. त्याच ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटने सर्गेई फेडोरॉव्हला ७४ वा आणि कॉन्स्टँटिनॉव्हला २२१ वा घेतलं, यावरून काय ते समजा. निवड झाल्यावर लिडस्ट्रॉम लगेच आला नाही. आणखी दोन वर्षं स्वीडनमधल्या वेस्तेरोसमध्ये खेळला, १९९१ मध्ये स्वीडनबरोबर जागतिक स्पर्धा जिंकला आणि मग डेट्रॉइटला आला. पहिल्याच हंगामात ६० गुण. नवोदितांच्या पुरस्काराच्या मतदानात पावेल बुरेपाठोपाठ दुसरा.

एक गोष्ट तुमच्या यादीत दिसली नाही. १९९८, १९९९, २००० अशी ओळीने तीन वर्षं तो नॉरिसच्या मतदानात दुसरा आला. पहिली ट्रॉफी मिळाली ती २००१ मध्ये, वय ३१. हॉकीचे पत्रकार या ट्रॉफीसाठी मत देतात, आणि न धडकता खेळणाऱ्या डिफेन्समनचं मोल त्यांच्या गळी उतरायला तेवढा वेळ लागला असं मला ठामपणे वाटतं.

सामने बघायचे तर १९९७ च्या अंतिम फेरीचा पहिला, २००२ च्या पहिल्या फेरीतला व्हँकुव्हरविरुद्धचा तिसरा आणि २००६ च्या तुरिन ऑलिंपिकचा अंतिम सामना, स्वीडन विरुद्ध फिनलंड. व्हँकुव्हरच्या सामन्याआधी डेट्रॉइट मालिकेत ०-२ ने मागे होतं. दुसऱ्या पिरियडची (सामन्याच्या तीन भागांपैकी दुसऱ्याची) जेमतेम २५ सेकंद उरली असताना लिडस्ट्रॉमने मध्यरेषेजवळून मारलेला पक गोली डॅन क्लूटियेला चकवून आत गेला. सामना फिरला, मालिका ४-२ झाली आणि पुढे कपही आला. तुरिनमध्ये तिसरा पिरियड सुरू होऊन १० सेकंद होतात न होतात तोच त्याने गोल केला आणि स्वीडनने ३-२ ने सुवर्ण जिंकलं.

बघताना पकचा माग काढू नका. टीव्हीचा कॅमेरा पकमागे धावतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूचा डिफेन्समन बराच वेळ चौकटीबाहेरच असतो. समोरच्या संघाने लाल रेषा (मध्यरेषा) ओलांडली की व्हिडिओ थांबवा आणि ५ नंबरच्या जर्सीच्या स्टिकचं पातं बर्फावर कुठे आहे ते बघा. दोघं अंगावर आलेले आणि हा एकटाच, असा प्रसंग सापडला तर तो पुन्हा पुन्हा बघा. शॉट मारणारा गोलीवर सोपवायचा, पासची वाट आपण बंद करायची, हा नियम. बरेच डिफेन्समन फार लवकर आडवे पडतात आणि फॉरवर्ड त्यांच्यावरून पक उचलून देतो. हा शेवटपर्यंत उभा राहायचा.

जोडीदारांचे हातही लेखात नोंदवा. लिडस्ट्रॉम डावरी स्टिक धरायचा आणि डाव्या बाजूला खेळायचा. मर्फी आणि नंतरचा ब्रायन राफाल्स्की दोघेही उजवे. दोघांच्या स्टिका आपापल्या बोर्डाकडे असल्या की कडेचा पक सरळ फोरहँडवर घेता येतो. बॅकहँडवर घेण्यात जाणारा अर्धा सेकंद वाचतो.

---

नोव्हीकर

वाक्य असं केलंय: "युरोपात जन्मून तिथेच हॉकी शिकलेला, स्टॅन्ली कप जिंकणारा पहिला कप्तान." चालेल? आणि निवृत्तीनंतरचं काय काय देऊ?

---

तिसरी जोडी

हो, अगदी नेमकं झालं. निवृत्ती ३१ मे २०१२, वय ४२. ५ नंबरची जर्सी ६ मार्च २०१४ ला डेट्रॉइटमध्ये निवृत्त केली, हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश २०१५ चा. मधली वर्षं कुटुंबासह स्वीडनमध्ये. जानेवारी २०२२ मध्ये रेड विंग्जने त्याला हॉकी विभागाचा उपाध्यक्ष म्हणून परत घेतलं. तेव्हा संघाचा जनरल मॅनेजर होता आयझरमन, ज्याच्याकडून त्याने कप्तानपद घेतलं होतं.