शिरोडकरचं पुढे काय झालं?

निळी_शाई (धागाकर्ती)

रविवारी दुपारी ‘शाळा’ पुन्हा बघितला. २०१२ मध्ये थिएटरात बघितला तेव्हा रडले होते. या वेळी शेवटी राग आला आणि तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा सिनेमा, काळ आणीबाणीचा. नववीतला जोशी आणि त्याच्या वर्गातली शिरोडकर. कोवळं, धड न बोललेलं प्रेम. शेवटी ती जाते, जोशी मागे उरतो. आपण जोशीबरोबर हळहळतो आणि दिवे लागतात.

पण शिरोडकरचं पुढे काय झालं? ती नववीत, म्हणजे चौदा-पंधराची. १९७५ साली कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय १५ होतं, ते १८ झालं १९७८ मध्ये. जिच्यावर वर्गातली मुलं ‘लाइन’ मारत होती, तिच्यासाठी घरात स्थळं बघायला लागणं तेव्हा जवळजवळ कायद्याला धरूनच होतं. जोशीची जखम आठवणीत जमा होते. तिच्या खात्यात काय जमा होतं?

हा राग एका सिनेमावर नाही. आपल्याकडे २०१२ नंतर मागच्या काळातल्या कोवळ्या प्रेमाची लाटच आली. ‘दुनियादारी’ आला, ‘टाइमपास’ आला. २०१७ चा ‘ती सध्या काय करते’ घ्या, नावातच ‘ती’ आहे, पण प्रश्न विचारणारा ‘तो’ आहे. हे सिनेमे मला आवडतात, नाहीतर इतकी पोटतिडीक आलीच नसती. पण जुना काळ दाखवताना सायकल, रेडिओ, कॅलेंडर सगळं शोधून आणतात, फक्त मुलीला वाटणारी भीती आणत नाहीत.

मी १९८६ ला नववीत होते. माझ्या नकाशावहीत एका मुलाने चिठ्ठी ठेवली. मी वही उघडायच्या आधीच ती तपासायला गेली आणि चिठ्ठी सरांच्या हाती लागली. त्याला छड्या बसल्या. माझ्या बाबांना शाळेत बोलावलं. बाबा घरी काहीच बोलले नाहीत, फक्त जेवताना पान अर्धं टाकून उठले. दिवाळीनंतर मला दुसऱ्या गावी आत्याकडे पाठवलं, मुलींच्या शाळेत. चिठ्ठीत काय लिहिलं होतं हे मला आजतागायत माहीत नाही.

मागच्या महिन्यात जुन्या वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला. त्यात कुणीतरी त्या छड्यांची गोष्ट टाकली. सगळे म्हणाले, काय दिवस होते ते!

मागचा_बाक

तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. तरीही असहमत, आणि का ते नीट लिहितो.

‘शाळा’ शिरोडकरच्या घरात शिरत नाही कारण जोशी शिरू शकत नाही. कादंबरीत गोष्ट जोशीच ‘मी’ म्हणून सांगतो. त्याला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. साधी गोष्ट बघा, ती मुलगी आपल्या सगळ्यांना ‘शिरोडकर’ म्हणून लक्षात राहिली, पहिल्या नावाने नाही. आमच्या वर्गात अगदी हेच होतं. मुलींची पहिली नावं फक्त हजेरीत ऐकू यायची, तोंडातून काढायची छाती नव्हती. आडनावानेसुद्धा हाक मारायची वेळ आली की घसा कोरडा पडायचा. इतकं अंतर असलेल्या पोराला तिच्या घरातलं कळत होतं असं दाखवलं असतं, तर तो खोटेपणा झाला असता. ती नाहीशी होते आणि का ते नीट कळत नाही, हेच त्या वयाचं खरं दुःख आहे. दिग्दर्शकाने तो अडाणीपणा जपला याचं मला कौतुक आहे.

आणि मुलींना भोगावं लागणारं कुणी दाखवतच नाही, हे बरोबर नाही. ‘बालक-पालक’ घ्या. २०१३ चा सिनेमा, ऐंशीच्या दशकातली चाळ. पोरं व्हीसीआर भाड्याने आणतात म्हणून लोक हसतात. पण गोष्ट सुरू कुठून होते? चाळीतल्या एका ताईने ‘शेण खाल्लं’ म्हणून तिला चाळ सोडावी लागते, आणि ‘शेण खाणं’ म्हणजे काय हे पोरांना कळत नाही, तिथून. हसवणाऱ्या सिनेमाचा पायाच एका मुलीच्या जाण्यावर आहे.

निळी_शाई

बरं झालं काढलंत. पायाच आहे, आणि पायाचा दगड पुढे कुणाला दिसत नाही. ताई जाते आणि सिनेमा पोरांबरोबर व्हीसीआरकडे वळतो. त्या रात्री तिने सामान कशात भरलं असेल, असं बघताना तुमच्या मनात आलं का? माझ्या आलं. माझं सामान बाबांच्या ऑफिसच्या फिरतीच्या बॅगेत भरलं होतं. त्या बॅगेची चेन एका बाजूने उसवलेली होती.

जोशीला कळत नाही, मान्य. पण सिनेमा करणारे नववीत नाहीत. त्यांना कळतं.

रविवारची_सुट्टी

मी दोन घटका हसायला, थोडं हळवं व्हायला असले सिनेमे बघते. माझंही शाळेतलं कौतुकाचं असं काहीतरी होतं. त्यातून काही वाईट झालं नाही, काही चांगलंही झालं नाही, पण आठवलं की आजही बरं वाटतं. प्रत्येक मुलीची गोष्ट भीतीचीच होती असं ठरवून टाकू नका. एवढंच.

तिसरी_घंटा

हा वाद मराठीपुरता नाही. जुन्या काळात ठेवलेल्या तरुण प्रेमाच्या सिनेमांचा हा साचा पक्का झाला, त्यात जॉर्ज लुकास यांच्या ‘अमेरिकन ग्राफिटी’चा मोठा वाटा. सिनेमा १९७३ चा, गोष्ट १९६२ मधल्या एका रात्रीची. मधे फक्त अकरा वर्षं! पण त्या अकरा वर्षांत केनेडींचा खून झाला, व्हिएतनाम झालं. म्हणून अकरा वर्षांपूर्वीच्या गाड्या आणि गाणीसुद्धा दुसऱ्या जन्मातली वाटली. जुना काळ किती वर्षांनी जुना होतो हे कॅलेंडरवर ठरत नाही, मधे काय तुटलं त्यावर ठरतं. आपल्याकडे तो तुटण्याचा बिंदू बहुधा फोन. भारतात मोबाइलवरून पहिला कॉल झाला जुलै १९९५ मध्ये. त्याच्या आधीचं सगळं प्रेम आपल्याला एका गठ्ठ्यात ‘तेव्हाचं’ वाटतं, मग ते पंचाहत्तरचं असो की नव्वदचं. निरोप पोचला नाही, वेळ चुकली, फोन तिच्या वडिलांनी उचलला, यावर अख्खा सिनेमा उभा राहतो. आज तो दोन मिनिटांत संपेल. म्हणून लेखक मागे जातात, केवळ हळवेपणासाठी नाही.

पण धागाकर्तीच्या बाजूने एक गोष्ट. ‘अमेरिकन ग्राफिटी’च्या शेवटी पडद्यावर अक्षरं येतात, पुढे कुणाचं काय झालं त्याची. एक अपघातात गेला, एक व्हिएतनाममध्ये बेपत्ता, एक विमा एजंट, एक लेखक. चौघं मुलगे. रात्रभर त्यांच्यासोबत असलेल्या मुलींपैकी एकीचंही नाव त्या यादीत नाही. समीक्षक पॉलीन केल यांनी यावर तेव्हाच बोट ठेवलं होतं. म्हणजे ‘शिरोडकरचं काय झालं’ हा प्रश्न पन्नास वर्षांचा आहे.

आता उलट उदाहरण. ‘डर्टी डान्सिंग’, १९८७ चा, गोष्ट १९६३ च्या उन्हाळ्यातली, लेखिका एलिनॉर बर्गस्टीन. सगळ्यांना त्यातला नाच आठवतो. पण गोष्ट पुढे सरकते ती एका नर्तिकेच्या चोरून केलेल्या गर्भपातामुळे, ज्यात तिचा जीव जायची वेळ येते. १९८७ मध्ये अमेरिकेत गर्भपात कायदेशीर होता, १९६३ मध्ये नव्हता. म्हणजे बर्गस्टीन यांनी मागच्या काळातला नाचही आणला आणि त्या काळातल्या बाईला मोजावी लागलेली किंमतही. नाचातली मजा त्याने तसूभरही कमी झाली नाही. तेव्हा ‘भीती दाखवली तर गोडवा जातो’ हे मला पटत नाही.

अकरावी_अ

मी इथे सगळ्यांत लहान असेन. माझी या काळाची काहीच आठवण नाही, तरी हे सिनेमे मी आणि माझ्या मैत्रिणी पुन्हापुन्हा बघतो. का ते सांगते.

आमच्याकडे काहीच चुकून होत नाही. कुणी कधी ऑनलाइन होतं, मेसेज वाचून उत्तर दिलं नाही, कुणाच्या फोटोवर काय केलं, सगळं दिसतं. आणि काहीही लिहिलं की त्याचा स्क्रीनशॉट वर्गाच्या ग्रुपवर जाऊ शकतो. माझ्या मैत्रिणीचा गेला. दोन आठवडे ती कॉलेजला आली नाही. म्हणून चिठ्ठी बघितली की आम्हाला हेवा वाटतो. ती एकच असते, फाडली की संपली.

आणि मुलगीच बघणारी आहे असेही सिनेमे आहेत. ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी गर्ल’ बघा, कोरियन, २०२२ चा, गोष्ट १९९९ ची. दिग्दर्शिका बांग वू-री. त्यात मुलगी तिच्या मैत्रिणीसाठी एका मुलावर पाळत ठेवते, त्याचा पेजर नंबर शोधते, आणि भलत्याच मुलाच्या प्रेमात पडते. अख्ख्या सिनेमात आपण तिच्या डोक्यात असतो. शेवटी मागे उरते ती मुलगी. मुलाचं काय झालं हे तिला कितीतरी वर्षं कळत नाही! म्हणजे नाहीसा होणारा मुलगाही असू शकतो.

निळी_शाई

अगं, तुझ्या मैत्रिणीचं वाचून पोटात तुटलं. पण चिठ्ठी फाडली की संपली हे तुला सिनेमाने सांगितलं. माझी चिठ्ठी मी सोडून सगळ्यांनी वाचली. सर, मुख्याध्यापक, बाबा, आई. आईने ती आत्याला दाखवली असणार, कारण आत्याला त्यातला शब्द न् शब्द माहीत होता आणि ती तो कधी बोलून दाखवायची नाही. तुझ्या मैत्रिणीचे दोन आठवडे आणि माझी दोन वर्षं एकाच जातीची आहेत. म्हणूनच मला वाटतं की तुमच्या पिढीने खरी गोष्ट बघावी, नुसती हेवा वाटण्यासारखी नाही.

तो कोरियन सिनेमा आज रात्री बघते.

कोरी_पाटी

मुलगा की मुलगी एवढ्यावरच चर्चा थांबली तर अर्धी राहील.

३ जानेवारी २०१४ ला ‘टाइमपास’ आला, १४ फेब्रुवारीला ‘फँड्री’. सहा आठवड्यांचं अंतर. दोन्हींत वरच्या घरातली मुलगी आणि तिच्यावर जीव टाकणारा पोरगा. पहिला सगळ्यांनी गाणी म्हणत बघितला. दुसऱ्यात जब्याला घरच्यांबरोबर डुकराच्या मागे पळावं लागतं आणि शालू वर्गातल्या इतरांबरोबर बघत असते. तो तिच्या नजरेपासून लपायला बघतो, ते दृश्य मी दोनदा बघितलं नाही, बघू शकलो नाही. नागराज मंजुळे यांनी ती गोष्ट जुन्या काळात ठेवली नाही, आजच्यात ठेवली. माझ्या मते ती निवडच बोलते. ज्यांच्या वाट्याला जुना काळ गोड आला त्यांना तिकडे परत जावंसं वाटतं. माझ्या वडिलांना त्यांच्या शाळेबद्दल विचारलं तर ते पाण्याच्या माठापासून सुरुवात करतात, आणि दोन वाक्यांत थांबतात. त्यांच्या नववीवर हळवा सिनेमा कोण करणार, आणि तो बघायला ते कशाला जातील?

ताई, तुमचा राग रास्त आहे. पण शिरोडकर निदान वर्गात, जोशीच्या नजरेच्या टप्प्यात होती. काहींच्यावर कॅमेराच फिरला नाही.

मागचा_बाक

कोरी_पाटी, याला माझ्याकडे उत्तर नाही. वडिलांबद्दलचं वाक्य दोनदा वाचलं.

धागाकर्तीला मात्र अजून एकदा सांगतो. ‘सिनेमा करणारे नववीत नाहीत’ हे बरोबर, पण म्हणून जोशीच्या गोष्टीत शिरोडकरचं उपकथानक डकवलं तर दोन्ही फसतील. तिची गोष्ट वेगळी हवी, पूर्ण हवी, आत्याच्या गावातल्या शाळेपासून सुरू होणारी. ती कुणी केली तर पहिल्या दिवशी पहिला शो बघेन. जोशीने मात्र तिच्यासाठी आपला अडाणीपणा सोडू नये.

अकरावी_अ

ताई, तो मुलगा तुमच्या त्या ग्रुपवर आहे का? चिठ्ठीत काय होतं ते विचारलंत का त्याला?

निळी_शाई

हा प्रश्न वाचला आणि तासभर फोन हातात धरून बसले. मग रात्री विचारलं, ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला.

त्याला आठवत नाही. छड्या चार होत्या हे आठवतं, दोन डाव्या हातावर, दोन उजव्या. चिठ्ठीतलं काहीच नाही. “काहीतरी बावळटासारखं असणार,” म्हणाला.

मग त्यानेच विचारलं, “तू आत्याकडे गेलीस ना त्यानंतर? हुशार होतीस म्हणून तिथल्या मोठ्या शाळेत घातलं, असं सगळे म्हणायचे.” इतकी वर्षं त्याला हेच वाटत होतं.

मागचा_बाक, हे तुमच्या बाजूने जातं. जोशीला खरंच माहीत नव्हतं.

मग मी त्याला लिहायला घेतलं. बाबांचं अर्धं टाकलेलं पान, ती उसवलेली बॅग, आत्या, दोन वर्षं. अडीचपर्यंत लिहीत होते. त्याने वाचलंय, पण अजून काही लिहिलं नाहीये.