परदेशातला पहिला ईस्टर, आणि रविवारीच ड्युटी. काय करू?

जय ख्रिस्त. नोकरीसाठी घर सोडून आठ महिने झाले. इथे ईस्टरची सुट्टी नसते आणि ५ एप्रिल २०२६ ला माझी सकाळी सातपासून ड्युटी लागली आहे. जवळच दोन चर्च आहेत. एकाच्या फलकावर ईस्टर ५ एप्रिलला आहे, दुसऱ्याच्या १२ ला! इथली भाषा मला जेमतेम कळते. आजवर ईस्टरची मिस्सा (आम्हा कॅथलिकांची मुख्य उपासना) कधी चुकवलेली नाही, त्यामुळे मन लागत नाहीये. परदेशात एकट्याने असा सण कुणी घालवलाय का?

प्रतिसाद
ताई, दोन्ही तारखा बरोबर आहेत. १२ तारखेचं चर्च ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेचं असणार. वसंतातल्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा नियम दोघांचाही, पण ते जुन्या ज्युलियन कॅलेंडरने मोजतात आणि ते कॅलेंडर आता आपल्या नेहमीच्या कॅलेंडरपेक्षा १३ दिवस मागे आहे. २०२५ मध्ये दोन्ही ईस्टर २० एप्रिललाच आले होते. तुमचं ५ तारखेचंच.

प्रतिसाद
रविवार सोडा, शनिवारी रात्री जा. जागरण विधीची मिस्सा ही ईस्टरचीच मिस्सा. अंधार पडल्यावर बाहेर अग्नी पेटवतात, पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवर क्रूस आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरतात. मग अंधाऱ्या चर्चमध्ये ती ज्योत एकाकडून दुसऱ्याकडे जाते. माझ्या पहिल्या वर्षी शेजारच्या अनोळखी आजींनी स्वतःची मेणबत्ती माझ्या वातीला लावली आणि वात धरेपर्यंत हात हलू दिला नाही. त्या क्षणी भाषा आड आली नाही.

वाचनांसाठी मराठी बायबल सोबत न्या. जुन्या करारातली वाचनं सातपर्यंत असतात, काही ठिकाणी कमी करतात. पण निर्गम १४, समुद्र दुभंगतो तो भाग, कधीच गाळत नाहीत. पुढे रोमकरांस ६, आणि यंदा शुभवर्तमान मत्तय २८. खुणा घालून ठेवा. विधी लांबतो, म्हणून ड्युटीआधी झोपेचा हिशेब आधीच करा.

प्रतिसाद
आमच्यासारख्या प्रोटेस्टंट मंडळींनी सूर्योदयाची उपासना कुठे आहे ते विचारावं, पण सातच्या ड्युटीला ती जमणं कठीण. मी एक सांगेन: पाळकांना किंवा फादरांना आधी भेटा, एकटी आहे म्हणून स्पष्ट सांगा. मी पहिल्या वर्षी संकोचाने बोललो नाही आणि तो दिवस खोलीत काढला. शिवाय ईस्टर एका दिवसात संपत नाही, पेंटेकॉस्टपर्यंत ५० दिवस चालतो. सुट्टीच्या दिवशी घरच्यांसोबत फोनवर प्रार्थना केलीत तरी तो ईस्टरच.

प्रश्नकर्ती
आजच फादरांना भेटून आले. शनिवारी रात्री नऊला सुरू होईल, मेणबत्ती दारातच देतात म्हणाले. सगळ्यांचे मनापासून आभार. निर्गम १४ आज आईकडून फोनवर वाचून घेणार आहे, म्हणजे त्या रात्री तिचाच आवाज कानात राहील.