मदत हवी आहे : जुनं गावरान टोमॅटोचं बी उगवत नाहीये

नमस्कार मंडळी, मी परभणीचा. आईने राखेत घोळून डबीत ठेवलेलं गावरान टोमॅटोचं बी माझ्याकडे आहे, 6 वर्षं जुनं. हे वाण आता गावात कुणाकडेच नाही, म्हणून नवीन पाकीट आणा असं कृपया सांगू नका.

रात्रभर कोमट पाण्यात भिजवून 20 बिया कोकोपीटच्या ट्रेमध्ये घरातच लावल्या. पंधरा दिवसांत फक्त 3 उगवल्या. त्यातल्या एकीच्या पानांवर बियांचं टरफल टोपीसारखं अडकून बसलं आणि ते रोप गेलं. बाकीच्या उकरून पाहिल्या, फुगल्यात पण मोड नाही. कुजलेल्या नाहीत, पाणीही जास्त झालं नव्हतं.

मला थंडीचा संशय आहे. टोमॅटोला 25 ते 30 अंश लागतात आणि सध्या आमच्याकडे रात्री पारा 10च्या आसपास उतरतो. आता ट्रे फ्रिजच्या वर, उबेला ठेवणार आहे.

उरल्यात जेमतेम 40 बिया, त्यामुळे चुकायला वाव नाही. घरात 13:00:45 हे पाण्यात विरघळणारं खत (पोटॅशियम नायट्रेट) आहे. त्याच्या पाण्यात जुनं बी भिजवून कुणी लावलंय का? एक लिटरला किती ग्रॅम घ्यायचं, किती तास ठेवायचं, आणि नंतर सुकवायचं की ओलंच पेरायचं?