हॅकल : तुरा, झालर की कंठी?

पानगळ
जपानमधल्या डोंगरी ओढ्यांवरच्या मासेमारीबद्दल एक मजकूर मराठीत आणते आहे. लांब काठी, तिला रीळ नाही, शेंड्याला दोरी आणि दोरीला पिसं गुंडाळलेला गळ. या पद्धतीला तेनकारा म्हणतात आणि गळाला केबारी. घोडं अडलंय या गुंडाळलेल्या पिसाच्या इंग्रजी नावापाशी, 'हॅकल'पाशी. कच्च्या मसुद्यात सगळीकडे 'तुरा' घातलाय. 'गळाला तुरा बांधावा' वाचलं की मला नवरदेवाचा फेटाच दिसतो. दुसरा शब्द सुचवा ना.

गरीवाला
ताई, तुरा नकोच. तुरा डोक्यावर असतो आणि उभा असतो. फौजेत टोपीवर लावतात त्या पिसांनाही हॅकलच म्हणतात, तिथे तुरा शोभेल. गळावरचं पीस उभं खोचत नाहीत, गळाच्या दांड्याभोवती गुंडाळतात.

बांधताना काय होतं ते बघा, म्हणजे शब्द सापडेल. कोंबड्याच्या मानेवरचं लांबट पीस घ्यायचं, बुडाची मऊ लव ओरबाडून टाकायची आणि पिसाचा उघडा पडलेला दांडा दोऱ्याच्या दोन-तीन फेऱ्यांनी गळावर आवळायचा. मग पिसाचं दुसरं टोक चिमट्यात धरून ते गळाभोवती फिरवायचं, प्रत्येक वेढा आधीच्या पुढे. वेढ्यागणिक पिसाचे केस फिसकारल्यासारखे चहूबाजूंना उभे राहतात. ते गोल चक्र म्हणजे हॅकल. पीस तेही हॅकल आणि वेढलेलं चक्र तेही हॅकल, गोंधळ होतो तो इथे.

शब्दखोर
मग 'कंठी' घ्या की. पोपटाच्या गळ्यातल्या वलयाला आपण कंठीच म्हणतो. पीसही मानेवरचं आणि बसतंही गळाच्या मानेवर, नेढ्याच्या मागे.

गरीवाला
कंठी गोड आहे, पण निम्म्याच ठिकाणी चालेल. पामर नावाच्या प्रकारात पीस शेपटीपासून डोक्यापर्यंत अख्ख्या अंगावर मळसूत्रासारखं चढवतात. पॅराशूट प्रकारात पंखासाठी उभ्या केलेल्या खुंटाभोवती ते आडवं, छत्रीसारखं फिरवतात. त्याला कंठी कशी म्हणणार? मी 'पिसाचा वेढा' म्हणेन. साधं आहे, पण कुठेही अडत नाही.

पानगळ
वेढा म्हटलं की मला किल्ला आठवतो, पण संदर्भाने निभावेल. पुढची अडचण. मजकुरात 'ड्राय' आणि 'सॉफ्ट' असे दोन हॅकल येतात. कोरडा वेढा आणि मऊ वेढा लिहू का?

गरीवाला
'कोरडा' लिहू नका, 'ताठ' लिहा. ड्राय म्हणजे पाण्यावर तरंगणारी 'माशी', म्हणजे किड्यासारखा दिसणारा पिसांचा गळ, इंग्रजीत फ्लाय. तिला नराच्या मानेचं ताठ, चकचकीत पीस लागतं. केसांची टोकं पृष्ठताणावर टेकतात आणि गळ वर राहतो. केसांची लांबी गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांडा यांमधल्या अंतराच्या, दीडपट, असा ढोबळ हिशेब. मिशिगनमध्ये 1922 साली लिओनार्ड हॅलाडे यांनी बांधलेली अ‍ॅडम्स ही माशी याचा नमुना: एक तपकिरी आणि एक काळं-पांढरं पट्टेरी, अशी दोन पिसं एकत्र वेढलेली. पट्टेरी पीस प्लिमथ रॉक जातीच्या कोंबड्याचं. आपल्या नाक्यावरचा ब्रॉयलर इथे काही कामाचा नाही. मानेची पिसं तयार व्हायच्या आत तो कढईत गेलेला असतो.

मऊ म्हणजे कोंबडीचं, तित्तिराचं किंवा फेझंट या पक्ष्याचं पीस. ते पाणी धरतं, बुडतं आणि प्रवाहात हलतं. त्याला वेढेही दोनच पुरतात, जास्त घातले की माशीची बाटलीघासणी होते. तुमच्या केबारीला हेच पीस असणार. त्यातल्या 'साकासा केबारी'चं वर्णन नीट लिहा. साकासा म्हणजे उलट. पिसाची पोकळ बाजू नेढ्याकडे ठेवून वेढतात, म्हणून केस मागे न झुकता पुढे झुकतात. दोरीला हलका ताण दिला की पाण्याच्या रेट्याने ते मागे दबतात, ढील दिली की परत पुढे फुलतात. किडा हातपाय मारतोय असं माशाला वाटतं. या एका हालचालीसाठी सगळी उलटापालट आहे, ती वाक्यात आली नाही तर शब्द कितीही चांगला शोधा, उपयोग नाही.

शब्दखोर
गंमत म्हणजे केबारीतल्या 'के'चा अर्थ केस, लव असा आहे आणि 'हारी' म्हणजे गळ. आपल्याकडे 'केसाळ गरी' म्हटलं तर कोकणात लोक हसतील, पण समजेल सगळ्यांना. बाकी 'फ्लाय'ला 'माशी' लिहिताना सांभाळा. 'माशाने माशी खाल्ली' असं वाक्य पडलं की वाचक अडखळलाच.

सह्यभटक्या
विषय पिसांचा आहे म्हणून घुसतो. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा माश्या बांधणाऱ्या मंडळींना चांगला ठाऊक आहे. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे चकाकणारे पिवळट ठिपके असतात. ब्रिटिश लोक सॅमन मासा पकडायच्या माशीला त्याच पिसांचे 'डोळे' लावत. तिथे ते पीस वेढत नाहीत, माशीच्या गालावर चपटं बसवतात. म्हणजे मानेचं पीस असूनही वेढा नाहीच. इथला रानकोंबडा 1972च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे कोणाला बांधायची हौस आलीच तर जंगलातून पिसं गोळा करायला जाऊ नका. परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात.

पानगळ
धन्यवाद दादा, हे तळटीपेत घेते. एक शेवटचं. मसुद्यात 'ट्राउट आणि चार मासे' असं आहे. मुद्रितशोधक विचारणार, चार कुठले?

गरीवाला
आणि त्यांचं बरोबरच आहे! इथे चार हा आकडा नाही, माशाचं इंग्रजी नाव आहे. जपानी ओढ्यातला चार म्हणजे 'इवाना', सरळ तेच नाव द्या. पहिल्यांदा येईल तिथे 'ट्राउटचा भाऊबंद' एवढं जोडा. ओळखायची खूणही टाका. ट्राउटच्या फिकट अंगावर गडद ठिपके, चारच्या गडद अंगावर फिकट. अमेरिकेतला ब्रूक ट्राउट नावाने ट्राउट असला तरी कुळाने चारच.

पानगळ
मग असं चालेल? 'इवानासाठी फेझंटच्या मऊ पिसाचे दोनच वेढे द्यावेत, केस नेढ्याकडे झुकलेले ठेवावेत.'

गरीवाला
चालेल. फक्त 'केस'च्या आधी 'पिसाचे' घाला, नाहीतर कोणीतरी स्वतःचे उपटून बांधेल.