मदत हवी आहे: बीएलएसचा सराव आणि वॉर्डातली वीजबचत, विद्यार्थ्यांना एकत्र कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

मी एका तालुक्याच्या गावी नर्सिंग कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. शेजारच्याच शंभर खाटांच्या रुग्णालयात आमच्या विद्यार्थ्यांची पोस्टिंग असते. इथे नर्सिंग, भूलशास्त्र, बायोमेडिकल अशा सगळ्या क्षेत्रांतली माणसं आहेत, म्हणून विचारते.

आधी बीएलएसचं, म्हणजे हृदय किंवा श्वास थांबलेल्या माणसाला छाती दाबून आणि श्वास देऊन जगवायच्या प्राथमिक उपचारांचं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या 2021च्या सुधारित अभ्यासक्रमात बीएससीला ते मॉड्यूल सक्तीचं आहे, त्यामुळे शिकवलं जातं आणि लेखी परीक्षेत बहुतेकांना येतंही. मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंटीमीटर, 30 दाबांमागे 2 श्वास, नाडी बघायला 10 सेकंदांहून जास्त वेळ नाही. मॅनिकिन (सरावाचा पुतळा) जमिनीवर असेल तर हातही बरा चालतो. तेच मॅनिकिन वॉर्डातल्या खाटेवर, फोमच्या गादीवर ठेवलं की सगळं बिघडतं. उंचीने कमी असलेल्या मुलींचे खांदे हातांच्या वर येतच नाहीत, कोपरं वाकतात, गादी दबत राहते आणि छाती जिथल्या तिथे. पाठीखाली बोर्ड सरकवायचा, पायाखाली स्टूल घ्यायचं हे सुचत नाही, कारण तसं कधी करूनच घेतलेलं नसतं. अंबू बॅगची, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीची, तीच गत. श्वासनलिकेत नळी टाकलेल्या मोठ्या माणसाला दर 6 सेकंदांनी एक श्वास पुरतो, पण घाबरलेला विद्यार्थी भराभरा बॅग दाबत सुटतो. जास्त हवा कोंबली की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, हे वर्गात सांगितलं की माना डोलतात, पुढच्या वेळी पुन्हा तेच.

आता विजेचं. उन्हाळ्यात बिल फार आलं म्हणून रुग्णालयाने बचतीची मोहीम काढली. मोहीम चांगलीच आहे आणि माझा तिला मनापासून पाठिंबा आहे. एसी 24 अंशांवर आले, ट्यूबच्या जागी एलईडी लागले, ओपीडीत कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे बसले. साधा पंखा 75 वॉट घेतो, हा तिशीच्या आसपास. सोबत प्रत्येक बोर्डावर ‘वापर नसेल तर बटण बंद करा’ असे स्टिकर लागले. एका विद्यार्थ्याने रात्रपाळीत ते अगदी मनावर घेतलं आणि जी मशीन चालू दिसत नव्हती त्यांची बटणं बंद केली. त्यात क्रॅश कार्टवरच्या (तातडीच्या सामानाच्या ट्रॉलीवरच्या) डिफिब्रिलेटरचं, म्हणजे हृदयाला शॉक देणाऱ्या मशीनचं, चार्जिंग गेलं, घशातला स्राव ओढून काढणाऱ्या सक्शन मशीनचंही. सकाळी हँडओव्हरच्या वेळी इनचार्ज सिस्टरना डिफिबचा चार्जिंगचा दिवा विझलेला दिसला, म्हणून कळलं. सुदैवाने रात्री गरज पडली नव्हती. ओरडा मात्र त्या पोराला बसला आणि ते मला पटलेलं नाही. डिफिब वापरात नसतानाच चार्ज होत असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बीएलएसच्या तासाला शॉक कधी द्यायचा ते येतं, मशीनची बॅटरी कुणी सांभाळायची ते येत नाही.

तर माझी विचारणा अशी. बंद करायची आणि कधीच बंद न करायची बटणं तुमच्याकडे कशी वेगळी ओळखू येतात? लाईट गेल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला सांभाळायचा सराव कुणी बीएलएसला जोडून घेतं का? आणि उजळणी किती दिवसांनी? प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, पण हात काही महिन्यांतच विसरतो. फीडबॅक देणारं महागडं मॅनिकिन आमच्या आवाक्यात नाही.

प्रतिसाद: बायोमेडिकलवाला

मॅडम, स्टिकरवर विसंबू नका. यूपीएसवरचे सॉकेट लाल रंगाचे करून घ्या. डिफिबसाठी बटणच नसलेलं सॉकेट बसवा किंवा बटणावर झाकण लावा, इलेक्ट्रिशियनचं थोडा वेळाचं काम आहे. या चार्जिंगला लागणारी वीज अगदी किरकोळ असते, दीड टनी एसी मात्र कॉम्प्रेसर चालू असताना तासाला दीड युनिटच्या आसपास खातो. बचत शोधायची तर एसी, गीझर, ऑटोक्लेव्ह (वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारं यंत्र), पाण्याचे पंप इथे शोधा. डिफिबची सेल्फ टेस्ट रोज करून क्रॅश कार्टच्या रजिस्टरला सही, आणि ती विद्यार्थ्याकडून सिस्टरसमोर करून घ्या.

अंधाराचा सराव स्किल लॅबमध्येच घ्या. रुग्णाला लावलेल्या मशीनची पिन सरावासाठी काढायची नाही, कुणीही सांगितलं तरी.

प्रतिसाद: कोकणातली सिस्टर

ताई, विषय काढलात ते फार बरं केलंत. 2020च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती. पुढच्या वर्षी जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा कोविड रुग्णालयात पाणी शिरून वीज गेली आणि रुग्ण दगावले, ते सगळ्यांनी वाचलंच असेल.

आम्ही मुलींना क्रम पाठ करून घेतो. अलार्म वाजला की आधी रुग्णाची छाती हलते का बघ, मशीन नंतर. हलत नसेल तर नळी मशीनवरून काढ, अंबू लाव, हाक मार. म्हणून अंबू बॅग खाटेच्या डोक्याशीच टांगलेली असते, कपाटात नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लाईट गेली की थांबतो, तेव्हा भरलेला सिलिंडर आणि त्याची चावी जवळ हवी. चावी दोरीने सिलिंडरलाच बांधा. सक्शन पायाने चालणारं एक तरी ठेवा.

उजळणी महिन्यातून एकदा, ड्युटी सुरू होताना दहा मिनिटं, खाटेवर आणि बोर्ड-स्टुलासकट. ताल धरायला मोबाईलवर मेट्रोनोम 110वर लावतो. दोन मिनिटांनी माणूस बदलतो, दमलेल्या हातांचा दाब खोल जात नाही.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. लाल सॉकेटचं उद्याच मेट्रन मॅडमशी बोलते, अंबू खाटेशी टांगायचंही. एकच राहिलं: बालरोग वॉर्डात वेगवेगळ्या मापांच्या बॅगा आणि मास्क असतात, ते खाटेशी कसे ठेवता? सगळे टांगले तर घाईत चुकीचं माप हातात येईल अशी भीती वाटते. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काम केलेलं कुणी असेल तर जरूर लिहा.